चूडी मेली, चाक वाढलं

आमच्या घरी येणारा माणूस आधी गाडीची तब्येत विचारायचा आणि मग माणसांची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे झालं त्याचं फार नवल वाटणार नाही.

गाडी विलायती होती. दोन दारांची, कासवासारख्या पाठीची, पुढे डोळे वटारून बसलेली. पोलीस ॲक्शननंतर एका जहागीरदाराच्या घरची मंडळी हैदराबादला निघून गेली. जाताना त्यांनी जे काही मागे सोडलं त्यात ही होती. माझ्या आजोबांनी ती घेतली आणि त्यांच्यानंतर ती अण्णांकडे आली. अण्णा म्हणजे माझे वडील, कोर्टात शिरस्तेदार होते. निजामाच्या काळात शिकलेले, त्यामुळे शाळा उर्दूतून, घर मराठीतून आणि नोकरी दोन्हींतून. आमच्या घरचे दुभाषी तेच.

दुभाष्याची गरज का पडावी? तर गाडीचे मिस्त्री रोशन गेटचे. अण्णांच्याच वयाचे, पांढरी दाढी, बोलणं अस्सल दखनी. मराठी गिऱ्हाइकापुरती. आई पैठणकडची. तिला दखनी कानाला कळायची, पण आपल्या त्या कळण्यावर तिचा भरवसा नव्हता. ही दोघं समोरासमोर आली की अण्णा मध्ये उभे राहायचे. आई म्हणायची, त्यांना सांगा चहा घेऊन जावं. अण्णा ते सांगायचे. मिस्त्री म्हणायचे, आपा को बोलो, तकलीफ नक्को. अण्णा तेही सांगायचे. दोघांना दोन्ही आधीच कळलेलं असायचं, पण रीत म्हणजे रीत. हा दरबार वर्षानुवर्षं आमच्या अंगणात लिंबाखाली भरायचा.

मग अण्णांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं.

पाय हळूहळू सावरला. जीभ जड झाली होती, तीही वळायला लागली. डावा हात तेवढा मांडीवर ठेवावा तिथं पडून राहायचा, पाहुण्याचा असावा तसा. तरी डॉक्टर म्हणाले, यातून माणसं बरी होतात, चालतात, बाजारात जातात. अण्णा मात्र भिंतीकडे तोंड करून निजले ते निजलेच. आधी पेपर बंद झाला, मग बोलणं, मग जेवण. आई भाकरी कुस्करून दुधात घालायची, ती तशीच परत यायची. डॉक्टर पुन्हा आले आणि मला ओसरीवर बोलावून म्हणाले, "औषधाचं काम औषधाने केलं. आता त्यांनाच जगायचं नसेल तर माझ्याकडे गोळी नाही."

मी तेव्हा ऐन तिशीत होते. फुलंब्रीच्या शाळेत मराठी शिकवायचे, रोज यष्टीने जा-ये. अविवाहित, बडबडी, घरातली एकुलती एक नटी. मी अण्णांच्या खाटेपाशी उभी राहून आमच्या हेडमास्तरांच्या नकला केल्या. यष्टीतल्या कंडक्टरची केली. तालुक्याच्या साहेबांची केली, ती माझी हुकमी होती. एरवी अण्णा त्या नकलेला डोळे पुसत हसायचे. आता भिंत हसली असती तर तीच. मी नकला संपवून मोरीत जायचे, नळ सोडायचे आणि रडायचे. तिथं आई आधीच असायची, मग आळीपाळीने.

एका दुपारी अण्णा आपणहून बोलले. मी धावले.

"गाडी विकून टाका," ते म्हणाले.

अण्णांनी हे म्हणणं म्हणजे सामान बांधून दाराशी ठेवण्यासारखं होतं. आईही दारात थिजून उभी. तिलाही कळलं होतं.

त्या दुपारी मी ठरवलं की अण्णांना गाडी चालवायला लावायची. उजवा हात शाबूत होता. स्टिअरिंग ते धरतील, शेजारी बसून गिअर मी बदलीन. अडचण एकच होती. मूळचं चाक पातळ, गुळगुळीत, जागोजागी तडे गेलेलं. दोन हातांनी पकडावं तेव्हा कुठे फिरणारं. एका हातात ते राहिलंच नसतं. त्या दिवसांत क्रांती चौकाकडे सीटकव्हरच्या एका दुकानात काळी, जाड, मऊ गुंडाळलेली छोटी स्टिअरिंगं टांगलेली असायची. 'स्पोर्ट' म्हणायचे त्यांना. कॉलेजातली पोरं आपल्या बापाच्या गाडीला ती बसवून हिंडायची. मी जाऊन एक घेऊन आले. मिस्त्रींनी ते हातात फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "छोटा है. हलका रहेंगा." मलाही तेच वाटलं होतं. मुंगी हत्तीपेक्षा हलकी, एवढं पदार्थविज्ञान आम्हा दोघांकडे होतं.

मी शाळेत असताना मिस्त्रींनी जुनं चाक काढायला घेतलं. अर्ध्या शतकाचा गंज, ते सुटेना. त्यांनी हातोडी घेतली, जपून ठोके दिले, आणि एका ठोक्याला चाकाची कडा खळ्ळकन अंगणभर झाली. मधला लोखंडी गाभा तेवढा हातात राहिला. संध्याकाळी मी आले तेव्हा आई फाटकातच उभी होती. आवाज खाली आणून म्हणाली, "स्टेरिंग वाढलं गं."

आता आमच्यात सवाष्णीची बांगडी फुटत नाही, ती वाढते. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. संध्याकाळी दुकान बंद करत नाहीत, तेही वाढवतात. जे संपतं त्याला वाढलं म्हणायचं, म्हणजे संपवणाऱ्याचं तिकडे लक्ष जात नाही अशी आमची समजूत. घरात आजारी माणूस असताना तर आई एवढी जपून बोलायची की दूध नासलं तरी ते 'उतरलं' असं सांगायची. मला तिचं बोलणं सरळ कळलं. मी मराठीची बाई होते ना. मध्येच हे सांगून ठेवते कारण पुढे लागणार आहे.

मिस्त्रींनी लोखंडी गाभ्याला जाड पत्रा जोडला आणि त्यावर चार बोल्टांनी ते छोटं काळं चाक बसवलं. त्या म्हाताऱ्या गाडीत ते असं दिसत होतं की आजीबाईच्या डोळ्यांवर कुणी गॉगल चढवलाय. पण मी आत गेले आणि खाटेपाशी बसून अण्णांना सांगितलं, नकला न करता, की गाडी तुमच्या उजव्या हाताजोगी करून घेतली आहे, एकदा बसून बघा.

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "चष्मा दे."

आई स्वयंपाकघरात पळाली. भांड्यांचा उगीचच आवाज आला. अण्णांनी पैरण बदलून घेतली, केसांवर पाण्याचा हात फिरवला. मिस्त्रींच्या खांद्यावर भार टाकून ते पायऱ्या उतरले आणि आपल्या जागी बसले. मी डाव्या बाजूला. आई दारात, पदराचं टोक दातांत.

अण्णांनी उजवा हात चाकावर ठेवला आणि वळवलं. ते वळलं नाही. त्यांनी पकड बदलली, वरून धरून खाली ओढलं. ते बोटभर हललं आणि परत आलं. मिस्त्री मागून गाडी ढकलायला लागले, चालत्या गाडीत सोपं जाईल म्हणून. गाडी हलली, चाक हललं नाही. अण्णांच्या कपाळावर घाम आला. मानेची शीर दिसायला लागली. मी हात पुढे केला, तो त्यांनी कोपराने बाजूला सारला आणि पुन्हा जोर लावला. तुळशीवृंदावनापाशी मिस्त्रींनी गाडी थांबवली नसती तर आम्ही त्यावर गेलो असतो.

अण्णांनी उजवा हात चाकावरून काढला, मांडीवर आणला आणि डाव्या हातावर ठेवला. दोन्ही आता सारखेच दिसत होते.

"मला आत न्या," ते म्हणाले.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल मी कधी नकला करून सांगत नाही. ते दूधही घेईनात. आई चमच्याने पाणी पाजायची तर ओठ मिटलेले. आधी ते नुसते निजले होते, आता मी त्यांना उठवून, अंगणात नेऊन, सगळ्यांदेखत दाखवून दिलं होतं की तुमचं संपलंय. शाळेत फळ्यावर लिहिताना माझा हात थांबायचा. यष्टीतून परत येताना शहराच्या वेशीवरचं हर्सूल आलं की मी उठून दाराशी उभी राहायचे, आपल्या गल्लीत माणसं जमलेली दिसतील म्हणून. फाटक रिकामं दिसलं की श्वास सुटायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मिस्त्रींना मात्र वाटत होतं की दोष चाक दांड्याला धरून ठेवणाऱ्या मधल्या नटाचा आहे. जास्त आवळला गेला, म्हणून दांडा जखडला. एका रविवारी सकाळी ते येऊन नट सैल करून पुन्हा बसवायला लागले. मी दिवा धरून उभी होते. आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. आत अण्णा. मिस्त्रींनी पाना फिरवला, एकदम तो हातात गरागरा फिरला. त्यांनी नट काढून उन्हात धरला, आत पाहिलं, आणि मान हलवत खेदाने, मोठ्याने म्हणाले,

"गई. चूडी मर गई."

आईच्या हातातलं सूप ओसरीवरून खाली आलं. तांदूळ अंगणभर. ती उठली ती अशी की मी तिला कधी तशी पाहिली नव्हती. दोन्ही हात छातीशी, बांगड्या तळहातांनी झाकलेल्या.

"माझ्या दारात येऊन चुडा मेला म्हणता?" ती म्हणाली. "आत माझा माणूस निजलाय. निघा. निघा इथून. अन् परत पाय ठेवू नका."

मिस्त्री नट हातात धरून उभे. त्यांना एवढंच कळलं की आपा रागावल्यात. नटासाठी एवढं? ते म्हणाले, "आपा, नई डालेंगे ना चूडी." म्हणजे नवी चूडी घालू. यावर आईने जे केलं ते सांगायला नको. मिस्त्री फाटकाच्या बाहेर होते आणि त्यांची पान्यांची पिशवी त्यांच्या मागोमाग गेली होती. आणि मी, मराठीची शिक्षिका, सबंध शब्दकोश डोक्यात घेऊन मध्ये उभी, तोंडातून एक अक्षर फुटेना. कारण चूडी म्हणजे नेमकं काय मेलं, ते मलाही ठाऊक नव्हतं. मलाही भीती वाटली होती. माझ्याही डोळ्यांपुढे आईचे मोकळे हात आले होते.

तेव्हा आतून आवाज आला. घोगरा, अडखळणारा, पण शिरस्तेदाराचा.

"चूडी म्हणजे आटे. नटाचे आटे. ते झिजले म्हणतोय तो. मेलं बिलं कुणी नाही."

आई बांगड्या झाकून तशीच उभी. मग तिने हळूच हात सोडले आणि खाली बसून तांदूळ गोळा करायला लागली. तिचे खांदे हलत होते. मी आत धावले. अण्णा भिंतीकडे तोंड करून निजलेले. मी काय काय बोलले, त्यांनी तोंड वळवलं नाही. एक वाक्य तेवढं निसटून बाहेर आलं होतं, सवयीने, दोघांच्या मध्ये उभं राहायला.

पण त्या संध्याकाळी त्यांनी अर्धा पेला दूध घेतलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. फाटकाबाहेरच उभे राहिले. त्यांच्या घरच्यांनी म्हणे त्यांना सांगितलं होतं की मराठी बाईच्या कानाला ते कसं लागलं असेल. हातात कागदात बांधलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या, शहागंजातून आणलेल्या. मला म्हणाले, "टीचर, आपा को बोलो. मेरी चूडी मरी, उनकी सलामत रहे." मी बोलायच्या आत आईच पुढे झाली. तिने बांगड्या घेतल्या, कपाळाला लावल्या. मग प्रथमच, दुभाष्याशिवाय आणि न भांडता, तिने त्यांच्याशी थेट मराठीत बोलायचं ठरवलं. मोठ्याने, सावकाश, बहिऱ्याशी बोलावं तसं.

"भाईजान, हे छोटं काही कामाचं नाय. जुनं वाढलं, तिथूनच हे सगळं झालं बघा. तसंच एखादं मिळतंय का पाहा."

मिस्त्रींनी नीट ऐकलं. मान डोलावली. "वाढलं," ते म्हणाले, पाठ केल्यासारखं. "समज गया, आपा."

मी तिथंच होते. मला वाटलं, वा, किती सोपं होतं. दोघांना एकमेकांचं कळतंय.

मिस्त्री काही दिवस दिसले नाहीत. नट लेथवर नवा कापायला टाकलाय, एवढा निरोप आला. मग एका सकाळी ते सायकलवर आले. हँडलला एक वस्तू अडकवलेली, तिच्या मागे मिस्त्री जेमतेम दिसत होते. सिल्लोड रोडच्या भंगारवाल्याकडून एका मोडक्या टेम्पोचं स्टिअरिंग त्यांनी शोधून आणलं होतं. लग्नाच्या पंगतीत कणीक मळायला परात लागते, तेवढं.

"हे काय?" मी विचारलं.

"आपा बोले ना," मिस्त्री अभिमानाने म्हणाले, "बढेला होना. वाढेला." म्हणजे वाढलेलं, मोठं हवं.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे. माझी सगळी आशा त्या परातीत दिसत होती आणि परात रिकामी होती. मी पायरीवर बसले. हसावं की रडावं ते ठरेना, म्हणून दोन्ही केलं. मिस्त्रींना वाटलं, टीचर खूश झाली. त्यांनी नवा नट काढला आणि बसवायला घेतलं. ते पूर्ण बसलं तेव्हा वरची कड काचेच्या अर्ध्यात येत होती आणि खालची सीटला टेकायला दोन बोटं बाकी होती.

अण्णांना हे कसं सांगायचं? माझ्यात धीर नव्हता. एकदा त्यांना बाहेर आणून मी काय केलं होतं ते मला दिसत होतं. पुन्हा तसं झालं तर ते ओठ परत उघडायचे नाहीत, हेही दिसत होतं. आईच आत गेली. मी दाराआडून ऐकत होते.

"स्टेरिंग आणलंय," ती म्हणाली. "लई मोठं आणलंय, येडंच दिसतंय. तुम्ही एकदा बघा अन् नको म्हणा. तुम्ही म्हणल्याबिगर मी परत कशी पाठवू?"

खाट करकरली. कोर्टापुढे काम आलं की शिरस्तेदाराला उठावंच लागतं.

अण्णा बाहेर आले. गाडीपाशी उभे राहून त्यांनी आत वाकून बराच वेळ पाहिलं. मग सीटवर सरकले. आजारपणात त्यांचं पोट गेलं होतं म्हणून, नाहीतर ते चाकामागे मावलेच नसते. त्यांनी उजवा हात वरच्या कडेवर ठेवला. मी डोळे मिटले.

काही ऐकू आलं नाही म्हणून उघडले. चाक फिरत होतं. अण्णा एका हाताने ते फिरवत होते, घरभर झाडू फिरवावा तसं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पुढची चाकं मातीत डावी-उजवीकडे वळत होती. ते थांबले. पुन्हा फिरवलं. मिस्त्रींनी दाढीवरून हात फिरवत माझ्याकडे पाहिलं. काय झालं ते त्यांना कळलं नव्हतं, मलाही नाही. आम्ही आमचं पदार्थविज्ञान मुकाट्याने खिशात घातलं.

"किल्ली," अण्णा म्हणाले.

आमखास मैदान सकाळी मोकळं असतं. तिथवर गाडी मिस्त्रींनी नेली, मग ते उतरून कडेला उभे राहिले आणि अण्णा चाकामागे बसले. आई मागे बसली, हातात हिरव्या बांगड्या, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत. अण्णांनी क्लच दाबला आणि म्हणाले, "एक." मी गिअर टाकला. गाडी निघाली. "दोन." मी टाकला. तो पडला नाही, आतून दात खाल्ल्यासारखा आवाज आला.

"अगं माय," अण्णा ओरडले, "मी म्हणल्यावर हात लाव, म्हणायच्या आधी नाय. पोरांना हेच शिकवतेस का शाळेत? गाडी आहे ती, खलबत्ता नाय."

एवढं लांब वाक्य किती दिवसांनी. मी पुढचा गिअर मुद्दामच चुकवला, आणि त्याच्या पुढचाही. ते मैदानभर मला बोलत राहिले. माझ्या आयुष्यात मला इतकं सुंदर कुणी कधी बोललेलं नाही.

मैदानाच्या कडेला लिंबाखाली त्यांनी गाडी थांबवली. मिस्त्री धावत आले. अण्णा चाकावर हात ठेवून म्हणाले, याला जरा नीट रंग द्या. मग मागे न बघता आईला म्हणाले, "वाढलं म्हणजे फुटलं, हे मिस्त्रीला ठाऊक नाही गं."

आई मागून म्हणाली, "मग तुम्ही सांगायचं की तेव्हाच. ऐकत होतात तर."

"ऐकत होतो," अण्णा म्हणाले. "म्हटलं, बघू तर, किती वाढवून आणतो."

म्हणजे भिंतीकडे तोंड करून, ओठ मिटून, हा माणूस मनात वाट बघत होता. मी विचारलं, मोठं चाक हलकं जाईल हे तुम्हाला माहीत होतं का? त्यांनी उजव्या हाताने चाक थोडं इकडे, थोडं तिकडे केलं.

"भूक लागलीय," ते म्हणाले. "घरी काय केलंय?"

आईने काहीच केलं नव्हतं. कुणी जेवेल असं तिला वाटलंच नव्हतं.